मागून पुढे वाचायचा अंक

१२ जानेवारी

भिंगरे,

तुझं पुडकं मिळालं. आशीर्वाद शेवटी देते, म्हणजे पत्र पुरतं वाचशील. फोन करत जा म्हणून लिहिलंयस, पण फोनवर मला कानात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं. निम्मं कळत नाही आणि निम्म्याला मी उगाच हो हो म्हणते. कागदावर निदान हो म्हणण्याआधी विचार करायला वेळ मिळतो.

तुझी चित्रकथा वाचली. सगळे अंक वाचले. दुसरीतून शाळा सोडलेल्या बाईला कळायचं तेवढं कळलं. ती जादूवाली पोरगी सोफ्याच्या फटीत हात घालते आणि गेल्या वर्षीचा गुरुवार ओढून बाहेर काढते, इथपर्यंत ठीक. फटीत काय काय सापडतं ते मला विचार. आधी तुझा आजोबा, मग तुझा बाप, सोफे उसवण्यातच या घराचा जन्म गेला. कंगवे निघाले, चमचे निघाले, एकदा आख्खी कवळी निघाली आणि ती न्यायला कोणी आलं नाही. गुरुवार काही निघाला नाही. पण तो मासा कोट घालून बसथांब्यावर कशाला उभा आहे? त्याला जायचंय कुठं? अंकामागून अंक तो तिथंच. माझा जीव त्या माशात अडकलाय आणि तू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीस.

शेजारच्या पार्लरवालीनं दोन अंक गिऱ्हाइकांसाठी म्हणून नेले. एक बाई केस धुऊन वाचत बसली, ती केस वाळले तरी उठेना. पार्लरवाली मला म्हणते, "आजी, तुमची नात हे सुचायला काय खाते हो?" मी म्हटलं, "वेळेवर खात नाही, म्हणून तर असलं सुचतं."

आता दुसरी गोष्ट. मी वाचते ते मोठ्यानं. मनात वाचायला शाळेत शिकवतात, त्याच्या आधीच मी बाहेर पडले होते. तुझा बाप समोर खुर्चीचे पट्टे ताणत बसलेला असतो. ऐकत नाही असं दाखवतो. काल खोकल्याची उबळ आली म्हणून मी थांबले तर त्याची हातोडी थांबली. मी सुरू केलं, हातोडी सुरू झाली. "मासा अजून तिथंच का?" हे आधी त्यानं विचारलं, मी नव्हे. स्वतः का वाचत नाही म्हणशील, तर डोळे दमलेत म्हणतो.

पुडकं माझ्या नावानं आलं होतं, मला ठाऊक आहे. तू त्याच्यासाठी पाठवलं नव्हतंस. पण घर लहान आहे आणि माझा आवाज मोठा.

आशीर्वाद. खात जा.

आजी

२९ जानेवारी

आजी,

पत्र वाचून इतकी हसले की काढत होते त्या चित्रावर शाईची बाटली लवंडली. आता त्या चौकटीत काळा ढग आलाय आणि तो मी तसाच ठेवणार आहे.

मासा कुठं चाललाय ते मलाही माहीत नाही. सगळ्याच गोष्टींना कुठंतरी जायचं असतं असं कुणी सांगितलं? माझ्याकडे दर आठवड्याला वाचकांची पत्रं येतात आणि सगळ्यांना तुझ्यासारखेच प्रश्न. एक गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. ते लिहितात, "चौथ्या अंकात मुलगी उद्या मरते आणि पाचव्यात काल जेवते, हे मला फळ्यावर सिद्ध करून दाखवा." एका बाईनं भीतीपोटी घरातला सोफाच देऊन टाकला. एका शाळकरी मुलीला सोमवार फटीत ढकलून वरून शिवून टाकता येईल का, ते हवंय. सुई कुठली वापरायची तेही विचारलंय.

बाबा ऐकतात म्हणालीस. त्यावर मला काय वाटायला हवं ते दोन दिवस कळलं नाही. तुम्ही दोघं तो दिवस विसरला असाल. मी वर्षभर खपून काढलेली आभाळाची मोठी चित्रं, आणि त्याच कागदांतून त्यांनी खुर्चीच्या खोळीचे नमुने कापले. पाठीचा एक, हातांचे दोन. मी दारात उभी राहून विचारलं, "बाबा, हे काय केलंत?" त्यांच्या तोंडात खिळे होते. ते तोंडात ठेवूनच त्यांनी कापणं पुरं केलं. त्यांना ते काढून दोन शब्द बोलता आले असते, आजी. मी बॅग भरून रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत वेळ होता त्यांच्याकडे.

पुढचा अंक त्यांच्यावर आहे. त्याचं नाव ‘खिळेतोंड्या’. त्यात एकही शब्द नाही, नुसती चित्रं. त्यामुळे वाचून दाखवायचा प्रश्नच नाही, त्यांच्या हातात दे. बघू देत. आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
भिंगरी

६ मार्च

भिंगरे,

खिळेतोंड्या आला. पहिल्या पानावरच ओळखला. नाक बरोबर काढलंस, पोट कमी काढलंस.

तोंडात खिळे धरणाऱ्या माणसांबद्दल एक सांगते. तुझा आजोबाही धरायचा. एकेक खिळा जिभेनं पुढे करायचा, लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा, ठाक. जग म्हणायचं, काय शांत माणूस आहे. खिळे संपले की कळायचं किती शांत ते. तुझा बाप मात्र खिळे नसले तरी ते असल्यासारखाच वागतो. ते माझ्याकडून आलेलं नाही एवढं तुला कोणीही सांगेल.

अंक हातात दे म्हणालीस. त्याचे हात दिवसभर गोंदाचे, म्हणून मीच चित्रं सांगत गेले. लांब रस्त्यावर एक ठिपका. ठिपक्याची पोरगी होते. पोरगी दारात येते, आत येते. मेजावर आभाळाचे तुकडे पडलेत, त्यांवर कात्री चालते आणि कात्री चालेल तसे ते जुळत जातात. ही तुझी जादू मला लई पटली, कापलेलं कात्रीनंच सांधायचं. मग पोरगी त्याच्या शेजारी स्टुलावर बसते. मग त्याच्या तोंडातून एकेक खिळा बाहेर येतो. आणि शेवटच्या पानावर त्याच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा, आत काही नाही.

तो म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. म्हणाला, "ती येते?" म्हटलं, येते. "स्वतःहून?" म्हटलं, तिला कोणी ओढत आणताना दिसत नाही बाबा. त्यानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणतो, "फुगा रिकामा का ठेवलाय? भरायचा कोणी?"

दुसऱ्या दिवशी कापडाच्या गठ्ठ्याखालून तुझं स्टूल ओढून काढलं आणि उरलेल्या निळ्या कापडाची त्याला नवी खोळ चढवली. "कोणासाठी रे?" म्हटलं, तर म्हणतो, "असंच. कापड वाया जात होतं." गेली कित्येक वर्षं त्या कापडाला वाया जायला वेळ नव्हता.

मला तुझी गोष्ट आवडली. पहिल्यांदाच कोणी कुठंतरी पोचलं.

आजी

१८ मार्च

आजी,

तू अंक उलटा वाचलास.

मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘हा अंक शेवटच्या पानापासून वाचावा.’ त्यात पोरगी काळातून मागे जाते, म्हणून पानंही मागे जातात. बाकी सगळ्यांना कळलं. आता नीट ऐक. ते बोलतायत, मग एकेक खिळा तोंडात घेतात. ती शेजारून उठते. कात्री आभाळ कापते. ती दारातून बाहेर पडते, रस्त्याला लागते आणि लहान लहान होत ठिपका होते. ती येत नाही, आजी. जाते.

या अंकाला आजवर आली नव्हती इतकी पत्रं आली. एका माणसानं लिहिलंय, अंक मिटला आणि उठून मुलीच्या खोलीच्या दारावर टकटक केली, काय बोलायचं ते ठरलं नव्हतं तरी. गणिताच्या मास्तरांनी एकच ओळ पाठवली, "या वेळी गणित बरोबर आहे." ती मी भिंतीवर चिकटवलीय.

आणि ज्यांच्यासाठी काढला त्यांनी तेवढा भलताच ऐकला! त्यांना वाटतंय मी सगळं विसरून स्टुलावर जाऊन बसले. फुकटात.

त्यांना पुन्हा सांग. या वेळी मागून पुढे. इतकी वर्षं मला त्यांना हे एवढंच सांगायचं होतं. ऐकून काय म्हणतात ते अक्षर न बदलता लिही. शब्द एक असो, शिवी असो, मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसेन. आणि ऐकूनही काहीच बोलले नाहीत, तर मला कळेल काय समजायचं ते.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

बारीक अक्षरं औषधाच्या बाटलीवर असतात. ती मी कधी वाचली नाहीत, तरी जगले. गोष्टीच्या पुस्तकावर ती कशाला असतात ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी ठरवा.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सांगितल्याप्रमाणे वाचला. मागून पुढे. तो काही बोलला नाही.

अक्षर न बदलता लिही म्हणालीस. नसलेलं अक्षर कसं लिहू? बोलला नाही म्हणून दगड आहे असं समजू नकोस. जेवला, औषध घेतलं, खिडकी लाव म्हणाला.

पार्लरवालीनं विचारलंय, मासा लग्न झालेला आहे का.

आजी

२ मे

आजी,

बरं.

मी दोन आठवडे रोज पत्रपेटी उघडत होते. मग तुझं पत्र आलं. ‘खिडकी लाव’ एवढं त्यांना बोलता आलं म्हणायचं.

वाचकांची पत्रं अजून येतात. सगळ्यांचं एकच, तिला घरी पाठवा. सोमवारवाली शाळकरी मुलगी तर रागावलीय, म्हणते तिला आईकडे तरी जाऊ दे. मी सगळ्यांना छापील उत्तर पाठवते: मालिकेचा शेवट आधीच ठरलेला आहे.

तू तुझं केलंस. तुझ्यावर राग नाही. पण आता त्यांना वाचून दाखवू नकोस. पुढचे अंक मी पाठवतही नाही.

भिंगरी

२० जुलै

भिंगरे,

अंक नाहीत, पत्र नाही. पार्लरवाली रोज विचारते.

माझं काही खरं नाही. छातीत कळ येते, चालताना धाप लागते, गुडघे तर कधीच गेले. पिकलं पान आहे मी, कधी गळेल सांगता येत नाही. एकदा येऊन जा. आठ दिवस राहा, नाहीतर दोन दिवस राहा. स्टुडिओ पळून जात नाही.

तुझा बाप पुढचा अंक कधी म्हणून विचारतो. हल्ली नुसत्या स्प्रिंगा बांधतो, शिलाईचं काम घेत नाही. बसची वेळ झाली की दाराशी जाऊन उभा राहतो. वारा लागतो म्हणतो.

ये गं.

आजी

७ ऑगस्ट

आजी,

तुझं पत्र वाचलं. लगेच पार्लरवालीला फोन केला. ती म्हणाली, "आजीला काय धाड भरलीय? परवाच भंगारवाल्यानं काटा मारला म्हणून त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पळवत नेलं."

गळणारी पानं एवढी पळत नाहीत.

तू मला बोलावण्यासाठी थापा मारतेस हे मी लहानपणापासून बघतेय. मी तुझ्यासाठी धावत येईन, तू खरंच आजारी पडलीस तर. पण तू मला त्यांच्यासाठी बोलावतेयस आणि ते मला बोलवत नाहीयेत. ‘पुढचा अंक कधी’ हा टोमणा आहे हे न कळायला मी लहान नाही. त्यांच्याबद्दल मी पार्लरवालीला काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

त्यांनी एकदा स्वतः बोलवावं. मी येईन.

भिंगरी

१४ ऑक्टोबर

भिंगरे,

तू आलीस, बापाची तिरडी उचलली गेल्यावर पोचलीस, चार दिवस राहिलीस, गेलीस. त्या चार दिवसांत घरात सतत माणसं होती. तू म्हणत होतीस, "आजी, एवढं सगळं झालं आणि मला कोणी सांगितलं नाही." मी नुसती भिंतीकडे बघत होते. आता सांगते. कागदावरच जमेल.

त्याचे डोळे दमले नव्हते, गेले होते. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्याला दारातला माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. हात ठरलेल्या जागी जायचे म्हणून काम चालायचं. मूत्रपिंडाचं मागाहून निघालं. मला शपथ घातली होती, तिला कळवायचं नाही. "दया आली म्हणून यायची असेल तर नको, तिला यायचं म्हणून येऊ दे." मी म्हटलं, तुझा हट्ट तुला लखलाभ. पण शपथ पाळली. पार्लरवालीलाही त्यानं तसंच बजावलं होतं.

हे अर्धं झालं. खरं ते पुढं आहे.

तू मागून पुढे वाच म्हणून लिहिलंस, तेव्हा मी अंक घेऊन बसले होते. शेवटचं पान उघडलं. तो खुर्चीत टेकून बसला होता, मान माझ्याकडे. म्हणतो, "आज परत तीच? बरं झालं. ती दारात येते तिथं जरा सावकाश सांग." मी पान पुढून उघडलं आणि ठिपक्यापासून सांगायला लागले.

त्यानं ‘जाते’ ऐकलंच नाही कधी. शेवटपर्यंत त्याच्या गोष्टीत तू येतच होतीस. आणि त्या दिवशी तो बोललाही होता. रिकाम्या फुग्याबद्दल. म्हणाला, "त्या खिळेतोंड्याच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, कागद चांगला जाड होता, मला कळलं नाही त्यावर काय आहे. दुकानात तेवढाच जाड कागद होता." मग म्हणतो, "छे, हे काय बोलणं झालं. आली की सुचेल."

हे तुला लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस. पण माझ्या मनानं घेतलं, न वाचता वाचला म्हणून लिहायचं आणि वर त्याचे शब्द भलत्या गोष्टीला जोडायचे, एवढं खोटं आपल्याच्यानं होणार नाही. म्हणून लिहिलं, काही बोलला नाही. खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं. मी अर्धवट शिकलेली, खोटंही अर्धवटच बोलले.

तू तिकडे त्याच्या उत्तराची वाट बघत होतीस, जे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो इकडे तुझ्या येण्याची वाट बघत होता, जे तू कबूल केलंच नव्हतंस. जुलैत मला कळलं काय होऊन बसलंय ते. तेव्हाही खरं लिहायचं सोडून मी माझ्या छातीत कळ काढली. पन्नास भंगारवाल्यांशी भांडले, पण तुला चार ओळी खऱ्या लिहायची छाती झाली नाही.

जन्मभर कोणाला मऊ बोलले नाही. एकदा मऊ वागायला गेले.

आजी

३ नोव्हेंबर

आजी,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसले आणि पाच वेळा फाडलं. पहिल्या चारांत तुला जे बोलले ते मी पाठवत नाही, कारण पाचव्यात तेच मला स्वतःला बोलले.

मी पार्लरवालीला एक प्रश्न विचारला असता तर. ‘बाबा कसे आहेत.’ तोंडात खिळे असल्यासारखी गप्प बसले मी त्या फोनवर. बजावलेलं असलं तरी तिच्या आवाजावरून मला कळलं असतं.

आणि त्यांना दारात सावलीसारखं दिसायचं म्हणतेस ते माणूस मी का नव्हते, हे मला कोणी सांगू शकत नाही. तू नाही, मीही नाही.

शेवटचा अंक छापायला द्यायचाय. वाचक अजून लिहितायत. माझा ठरलेला शेवट मी टाकून दिला. या आठवड्यात नवा काढला, त्याची नक्कल सोबत पाठवतेय. त्यात पोरगी काळातून परत येते, जरा आधीच्या दिवसात. दारात उभी राहते. त्याला दिसायला लागतं. तो उठतो आणि बोलतो. फुग्यात मी त्यांचंच वाक्य घातलंय, कागद चांगला जाड होता. माझ्या संपादकबाई हे बघून रडल्या. मास्तरांनाही आवडेल.

तुला कसा वाटतो ते सांग. तू ‘चांगला’ म्हणालीस तर छापते.

भिंगरी

२२ नोव्हेंबर

भिंगरे,

चांगला नाही.

रागावू नकोस. चित्रं सुरेख आहेत. त्याचं पोटही या वेळी बरोबर काढलंस. तुझे वाचक रडतील, डोळे पुसतील आणि त्यांना बरं वाटेल. तुलाही दोन दिवस बरं वाटेल. पण हीच गोष्ट मी तुझ्या बापाला सांगत होते. पोरगी येते, कापलेलं जुळतं, सगळं गोड. त्या गोड गोष्टीपायी तो दाराशी उभा राहिला आणि मी तुला खरं लिहिलं नाही. आता तीच तू हजार लोकांना सांगणार? त्यांच्या घरीही दाराशी कोणी उभं असेल. गोष्टीत ती आली हे वाचून बाहेर राहिलेलं माणूस निवांत होईल. यायचं राहून जाईल.

त्याचं वाक्यही काढून टाक. ते तुला सांगितलं, छापायला नाही.

तू काय काढायचं ते सांगायची माझी अक्कल नाही. माशाचा पत्ता मला अजून लागलेला नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते. दोन खोल्या काढ. एकीत बाप बसलाय, कान दाराकडे. दुसरीत पोरगी बसलीय, तिचे कानही दाराकडे. दोघंही जागे. आणि मधल्या दारात एक म्हातारी उभी आहे. ती या खोलीत तोंड घालून सांगते, "झोपलीय ती, उठवू नकोस." आणि त्या खोलीत तोंड घालून सांगते, "झोपलाय तो." जादू नको, मागचा काळ नको, पुढचा नको. तेवढ्यावर पुस्तक संपव.

शाळकरी पोरगी रागावेल. रागावू दे. रागावून ती उठून पलीकडच्या खोलीत गेली तर तिचं भलंच होईल.

त्या म्हातारीला तोंड माझंच दे. सुरकुत्या कमी करून मला लाज आणू नकोस. दयाळूही काढू नकोस, बघणाऱ्याला तिचा राग आला पाहिजे. तुला काढताना आला तरी चालेल.

छापून झाला की एक अंक पाठव. आता मी हळूहळू मनातल्या मनात वाचायला शिकतेय.

आजी